मिशी काढलेल्या माणसांची खरी वयं

संपादकांनी सांगितलं, जसं बोलता तसंच लिहा, शुद्धलेखनाचं आम्ही बघतो, म्हणून लिहायला बसलेय. मोठी शाळेत गेलीय, धाकटा पाळण्यात आहे, तो उठायच्या आत होईल तेवढं. माझं नाव छापायचं नाही असं मी आधीच कबूल करून घेतलंय, मिलचं पण नाही, आणि माणसांची नावं मी बदललीत. भित्री म्हणा, हरकत नाही, आहेच मी भित्री. का ते पुढं कळेल.

माझं काम होतं लोकांना वय विचारायचं. हसू नका. एवढंच काम, आणि त्याचे दिवसाला आठ आणे मिळायचे. नवे पैसे तेव्हा आले होते, पण आमच्या लाइनीत सगळे आणेच म्हणायचे. लाइनी म्हणजे मिलच्या कामगारांच्या खोल्यांच्या रांगा. आमचे हे मिलमध्ये मागावर. मी निपाणीकडची, मराठी चौथी झालेली, सोळाव्या वर्षी लग्न होऊन बंगळूरला आले. ह्यांची पहिली बायको वारलेली. माझ्या वडलांना सांगितलं होतं, जावई चाळिशीच्या आतला आहे. वडलांनी मान डोलावली, मला कोण विचारतंय.

त्या मिलच्या युनियननं भांडून भांडून एक पेन्शनचा फंड मिळवला होता. दर महिन्याला थोडं कामगाराच्या पगारातून, थोडं कंपनीकडून त्यात जायचं. पंचावन्न पुरे झाले की मिल सोडायची आणि मरेपर्यंत महिन्याला ठरलेली रक्कम घ्यायची. माणूस गेला की त्याच्या बायकोला निम्मी, ती असेपर्यंत. त्या काळी असं कुठं फारसं ऐकू यायचं नाही, त्यामुळं सगळ्यांना त्याचा भारी अभिमान. पण युनियनचे सेक्रेटरी मुनिस्वामीअण्णा, त्यांना एकच घोर होता. हे पुरणार का? आज देतोय, पण वीस वर्षांनी म्हातारा दारात आला आणि पेटीत काही नसलं तर?

म्हणून त्यांनी सरांना गाठलं. सर म्हणजे मल्लेश्वरमला राहणारे, पुण्याकडून आलेले, कुठल्यातरी संशोधनाच्या ठिकाणी आकडेमोडीचं काम करणारे. युनियनचं हे काम ते सुट्टीच्या दिवशी करायचे आणि एक पैसा घ्यायचे नाहीत, साधी कॉफी दिली तरी अर्धीच प्यायचे. गणपतीत मराठी मंडळात त्यांनी विचारलं, कन्नड बोलणारी, लिहिता येणारी, बायकांत मिसळणारी कुणी आहे का. माझ्या सासूबाईंनी मला पुढं ढकललं. "ही आहे की. नळावर सगळ्या भाषा बोलते."

मी म्हटलं, मला पोर आहे वर्षाची. सर म्हणाले, "उत्तमच. बरोबर न्या."

मला काही कळेना फंडाचं आणि वयाचं काय ते. सरांनी सांगितलं ते मला अजून पाठ आहे. म्हणाले, "समजा तुमच्या घरी पाहुणे येणार आहेत. किती येणार ठाऊक नाही, कधी येणार ठाऊक नाही, किती दिवस राहणार ठाऊक नाही. मग डब्यातले तांदूळ पुरतील का, सांगता येईल?"

मी म्हटलं, "नाही."

"फंड म्हणजे तो डबा. आपण पाहुणे मोजायचे. कोण किती वर्षांनी म्हातारा होणार आणि त्याची बायको त्याच्यामागं किती वर्षं जगणार."

मग मी म्हटलं, वयं तर मिलच्या वहीत असतील की. त्यावर तिथंच बसलेले मुनिस्वामीअण्णा मोठ्यानं हसले. लढाईच्या दिवसांत मिलला माणसं हवी होती, पण तिशीच्या आतली. गेटवर साहेब खुर्ची टाकून बसायचा आणि तोंड बघून वय लिहायचा. मग काय, पस्तीस-चाळीसचे बाप्ये मिशी काढून रांगेत उभे राहिले. साहेबानं प्रत्येकाला पंचवीस, सव्वीस, सत्तावीस लिहून टाकलं. त्या वहीवरूनच फंडाचा हिशेब केलेला. वहीप्रमाणं सगळी मिल अजून तरुण आहे आणि पुष्कळ वर्षं पैसे भरणार आहे.

खरं वय कुणी सांगणार का? कंपनीला कळलं तर खोटं सांगितलं म्हणून काढतील नाहीतर लवकर घरी बसवतील. म्हणून सरांनी दोन नियम केले. एक, प्रत्येक घराची एक चिठ्ठी, तीवर नवरा-बायको दोघांचं वय, पण नाव लिहायचं नाही. दोन, कुठली चिठ्ठी कुणाची ते मिलमधल्या कुणाला कळू द्यायचं नाही. लोकांना तसं वचन द्यायचं.

पहिल्या दिवशी एका दारात गेले, विचारलं, "वयस्सु एष्टु?" आणि त्या बाईनं दारच लावून घेतलं. वय सांगितलं की आयुष्य कमी होतं म्हणतात. दुसऱ्या घरी पुरुष होता, तो मागच्या दारानं पळाला. मी सरांकडं जाऊन रडले. सर म्हणाले, "तुम्हाला कुणी वय विचारलं तर तुम्ही सांगाल?" मी म्हटलं, "नाही." "मग काय विचारलं तर सांगाल?"

मी विचार केला. पोरीचं सांगीन. पोराचं वय विचारलेलं कुणाला लागत नाही, उलट बाई खुलते. मग मी तसंच सुरू केलं. दारात बसायचं, पोरीला खाली सोडायचं, घरातली बाई म्हणणार, किती महिन्यांची गं, आणि आपण म्हणायचं, तुमचा थोरला केवढा? थोरला कळला की लग्नानंतर किती वर्षांनी झाला ते. लग्नात तुम्ही केवढ्या, शहाण्या झाला होता का. मधे दोन पोरांत मोठं अंतर दिसलं की समजायचं, मधलं एखादं गेलंय. गेलेली पोरं पण मोजावी लागत. तिथं बाया रडायच्या, मी पण रडायची, आणि मग डोळे पुसून लिहायची. असं खालून वर चढत गेलं की नवऱ्याच्या वयापर्यंत पोचता यायचं. सरांनी मला एक कागद करून दिला होता, प्लेग कधी, मोठा इन्फ्लुएंझा कधी, शहरात विजेचे दिवे कधी लागले. "दिवे लागले तेव्हा आमचे हे बापाच्या खांद्यावर बसून बघायला गेले होते," कुणी म्हटलं की झालं माझं काम.

महादेवपुऱ्याहून काहीजण सायकलीवर मिलला यायचे, तिथं पण गेले. खेडंच ते, सगळी नाचणीची शेतं. तायम्मा म्हणून एक म्हातारी होती, तिचा मुलगा मिलमध्ये. मला म्हणते, "वय कशाला हवं तुला? यम काय वय विचारून येतो होय?" मी म्हटलं, "आजी, यम नाही विचारत, पण पेन्शन विचारून येते." ती अशी हसली, नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, वाढला आणि मुलाचं वय तर सांगितलंच, शेजारच्या तीन घरांचं पण सांगितलं. त्या तिघी आल्या भांडायला, हिनं चुकीचं सांगितलं म्हणून, आणि भांडता भांडता खरं सांगून गेल्या.

आता एक गोष्ट सांगते, त्यातच पुढचं सगळं आहे. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी पण घेत नाही. पण मिलच्या कामगाराला पितळेचा बिल्ला असतो, त्यावर नंबर. नाव घ्यायला लाजणारी बाई नंबर कसा खणखणीत सांगते! नळावर सुद्धा आम्ही तसंच बोलतो, चारशे बाराची बायको, सहाशे तीसची सून. चिठ्ठ्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नंबर लिहीत गेले. नाव कुठंच लिहिलं नाही. सरांचा नियम पाळला म्हणून मी मनात खूश.

तीनशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या. आमच्या घरची तेवढी राहिली होती. म्हटलं, त्यात काय, मला ठाऊकच आहे. पण सर म्हणायचे, ठाऊक आहे म्हणून लिहू नका, विचारून लिहा. मग सासूबाईंना विचारलं. त्या निवडत होत्या तूरडाळ. मी आपलं नेहमीसारखं खालून सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, "मिलमध्ये लागायला हा मिशी काढून गेला तेव्हा केवढा तमाशा झाला घरात. बाप जिता असताना पोरानं मिशी काढायची म्हणजे काय! ह्याचे बाबा चार दिवस जेवले नाहीत."

मी म्हटलं, "तेव्हा केवढे होते हे?"

"छत्तीस. छत्तीस पुरे झाले होते."

ह्यांना मिलमध्ये लागून सोळा वर्षं झालेली. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. बावन्न. वहीत होते त्रेचाळीस आणि माझ्या वडलांना सांगितलं होतं तेही वहीतलंच. मी एकवीस वर्षांची, पोर मांडीवर आणि नवरा बावन्न. सासूबाई डाळ निवडायच्या थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोलून गेलो ते. म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं नव्हतं होय?"

मी चिठ्ठी लिहिली. बावन्न, एकवीस, कोपऱ्यात नंबर. दुसऱ्यांच्या घरात मी म्हातारा नवरा आणि पोरसवदा बायको बघून बघून लिहिली होती, पन्नास आणि अठ्ठावीस, चोपन्न आणि तीस, आणि मनात म्हणायची, बिचारी. आता मलाच कळलं, तो फंड कुणासाठी आहे ते. ह्यांच्यामागं मला किती वर्षं काढायची, त्यातली निम्मी पेन्शन मिळणार का नुसता रिकामा डबा.

शनिवारी दुपारी सगळा गठ्ठा घेऊन सरांकडं गेले. सोमवारी फंडाच्या कमिटीची बैठक होती, तीन माणसं युनियनची, तीन कंपनीची, आणि कंपनीच्या लेबर ऑफिसरनं आधीच कळवलं होतं, संशोधनाचे मूळ कागद मेजावर ठेवा. सरांनी पहिली चिठ्ठी बघितली. दुसरी बघितली. दहा बघितल्या.

"हे कोपऱ्यात काय?"

"बिल्ल्याचा नंबर. नाव नाही लिहिलं मी कुठं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "अहो ताई, मिलमध्ये नाव कोण विचारतं? तिथं माणूस नंबरानंच ओळखतात."

मी खालीच बसले. तीनशे घरांना वचन दिलं होतं. तीनशे जणांची नोकरी मी स्वतःच्या हातानं कोपऱ्यात लिहून ठेवली होती, आणि त्यात ह्यांची. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. सर म्हणाले, "चूक माझी. नाव लिहू नका म्हटलं, ओळख पटेल असं काही लिहू नका म्हणायला हवं होतं. उद्या सकाळी या. कात्री आहे का घरी?"

रविवारी सकाळी शिवणाची कात्री घेऊन गेले. सर एकेका चिठ्ठीचा नंबर युनियनकडच्या वहीच्या नकलेत शोधून वयातला फरक लिहून घ्यायचे, तेवढ्यासाठी नंबर कामाला आला, आणि मग मी कोपरा कापायची. सरांच्या बायकोनं पोरीला भात भरवला, झोपवलं, आणि कापलेले कोपरे पदरात घेऊन न्हाणीतल्या बंबात टाकले. दुपार उतरायच्या आत झालं. शेवटी सरांनी बेरीज केली, पुन्हा तपासली, आणि म्हणाले, "तुमची मुलगी चौथीला जाईल तेव्हा ह्या डब्याचा तळ दिसेल."

"मग?"

"वर्गणी वाढवायला लागेल. कामगारांनी पण, कंपनीनं पण. आजच. मग पुरेल."

सोमवारी मला पण बोलावलं, चिठ्ठ्या लिहिणारी म्हणून. एवढं मोठं मेज मी कधी बघितलं नव्हतं. मी पोरीला कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी. लेबर ऑफिसरनं गठ्ठा उचलला.

"ह्यांचे कोपरे कुठं गेले?"

सर म्हणाले, "तिथं नंबर होते. मी कापायला लावले."

"का?"

"लोकांनी वय ह्या ताईंना सांगितलं. तुम्हाला नाही."

मला वाटलं आता हे हाकलून देणार आम्हाला. पण ऑफिसर तसा वाईट माणूस नव्हता, बोलायला सरळ होता. म्हणाला, "मग मी कशावरून मानू? ही बाई घरात बसून वाटेल ते आकडे लिहू शकते. काय गं, तुला कसं कळलं कोण खरं बोलतंय?"

विचारलं त्याचं उत्तर मला येत होतं, म्हणून बोलले. म्हटलं, साहेब, मी वय विचारत नाही, पोरं विचारते. जिवंत आणि गेलेली. आईला पोर कधी झालं ते खोटं सांगता येत नाही. एवढंच बोलले, तर तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "बरं. मला एक माणूस दाखवा. एकच. ज्याचं वहीतलं वय खोटं आहे. मी चौकशी करतो. खरं निघालं तर सगळ्या चिठ्ठ्या खऱ्या मानू, कंपनी आपला वाटा वाढवेल. नसेल दाखवायचा तर हे कागद घेऊन जा."

सर माझ्याकडं बघेनात. त्यांना माझ्या घरची चिठ्ठी ठाऊक होती, अण्णांना पण ठाऊक होती, मीच सांगितली होती. एक माणूस माझ्या घरात होता. त्याचं नाव मला घेता येत नव्हतं, पण नंबर येत होता. सांगितला तर फंड वाचतो आणि ह्यांची नोकरी जाते, नाही सांगितला तर नोकरी राहते आणि माझा म्हातारपणचा डबा रिकामा. माझं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मुनिस्वामीअण्णा उठून उभे राहिले.

"एकच ना? मी आहे. वहीत पंचेचाळीस. खरे सत्तावन्न."

ऑफिसरच चपापला. "मुनिस्वामी, खाली बसा. काय बोलताय कळतंय का?"

"कळतंय की. लढाईत मिशी काढून आलो होतो. आमच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात आहे माझी जन्मतारीख, माणूस पाठवा. आणि बरोबर लिहून घ्या, नंतर म्हणाल युनियनवाला खोटं बोलला."

माणूस गेला, रजिस्टर बघून आला. सत्तावन्न. कंपनीनं शब्द पाळला, हे पण सांगितलं पाहिजे. दोन्हीकडची वर्गणी वाढली, जुन्या हिशेबात बायकांची वयं नवऱ्याएवढी धरली होती ती पण सुधारली, आणि सरांनी तो हिशेब दर तीन वर्षांनी पुन्हा करायचा असं नियमात घालून घेतलं. म्हणून माझं काम अजून आहे. कोपरे कापल्यामुळं बाकी कुणाच्या नोकरीला हात लागला नाही, आमचे हे पण वहीतल्या वयावर अजून मागावरच आहेत. आतापर्यंत फंडानं एकाही म्हाताऱ्याला, एकाही बाईला परत पाठवलेलं नाही. मी सांगते म्हणजे बघून सांगते. तेव्हा पगार कापला म्हणून लाइनीत लोक माझ्यामागं काय काय बोलले, वय विचारणारी आली, खिसा सांभाळा म्हणून. बोलू देत.

अण्णांना त्याच महिन्यात मिल सोडायला लागली. खोटं सांगितलं म्हणून वर काही दंड झाला नाही, ऑफिसरनंच सांभाळून घेतलं, पण दहा वर्षांचा पगार गेला आणि सेक्रेटरीपण गेलं. शेवटच्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार घातले, भाषणं झाली, मी मागं उभी होते. गर्दी हटल्यावर जवळ गेले. म्हटलं, "अण्णा, आमच्यामुळं झालं."

ते मला तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. म्हणाले, "तंगी, तुझं पोर अजून दूध पितं. माझी पोरं कमावती झाली. कुणी जायचं ह्यात विचार करायला काय होतं?" आणि मग हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "पण मी बघितलं हं. तू तोंड उघडलंस. स्वतःच्या नवऱ्याचा नंबर सांगायला निघालीस. म्हणून तर मी घाईनं उठलो. आमच्या युनियनमध्ये इतकी वर्षं पुढारी बघितले, पण तुझ्यासारखी छाती नाही बघितली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, कौतुकानं आलं.

खरं सांगते. मी सांगणार होते का नव्हते, मला ठाऊक नाही, पण तोंड उघडलं होतं ते त्यासाठी नाही. कडेवरच्या पोरीनं माझ्या कानातलं धरून जोरात ओढलं होतं, कळ आली म्हणून तोंड उघडलं. हे मी अण्णांना तेव्हा सांगितलं नाही. सात वर्षं झाली, अजून सांगितलं नाही. ते रस्त्यात भेटले की बरोबरच्या माणसाला सांगतात, ही फार धैर्याची बाई आहे, आणि का ते सांगत नाहीत, ह्यांचं वय बाहेर पडेल म्हणून. मी मान खाली घालून उभी राहते. अण्णांना मराठी वाचता येत नाही. पण कुणी त्यांना हे वाचून दाखवलं तर दाखवू दे, मी नको म्हणणार नाही.